ले पाराप्लुई द शेर्बूर

ले पाराप्लुई द शेर्बूर (अर्थ: शेर्बूरच्या छत्र्या) हा १९६४ साली प्रदर्शित झालेला फ्रेंच भाषेतील संगीतमय प्रेमपट आहे. त्याचे लेखन व दिग्दर्शन जाक देमी यांनी केले असून संगीत मिशेल लग्राँ यांचे आहे. कॅथरीन देनेव्ह आणि नीनो कास्तेलनुओव्हो यांच्या प्रमुख भूमिका आहेत. चित्रपटात बोललेला असा एकही संवाद नाही. प्रेमाच्या आणाभाकांपासून गाडीच्या दुरुस्तीच्या हिशेबापर्यंत सारे काही गाऊनच सांगितले जाते. १९६४ च्या कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्या वर्षी या पारितोषिकाचे नाव 'ग्राँ प्री' असे होते व परीक्षक मंडळाचे अध्यक्ष फ्रिट्झ लांग होते. त्यापूर्वी फ्रान्समधील प्रतिष्ठेचा लुई देलुक पुरस्कारही चित्रपटाने मिळवला होता.

देमी यांच्या 'लोला' (१९६१) आणि 'ले दम्वाझेल द रोशफोर' (१९६७) या चित्रपटांसह याची गणना एका अनौपचारिक त्रयीत केली जाते. तिन्ही चित्रपट फ्रान्सच्या अटलांटिक व इंग्लिश खाडीलगतच्या बंदरांच्या गावांत घडतात आणि तिन्हींत ताटातूट व योगायोग हे विषय येतात. मात्र त्रयीतील सर्वांत दुःखी चित्रपट हाच आहे.

कथानक

कथा नोव्हेंबर १९५७ मध्ये नॉर्मंडीतील शेर्बूर या बंदरात सुरू होते. 'प्रस्थान', 'अनुपस्थिती' आणि 'पुनरागमन' असे तिचे तीन भाग असून शेवटी १९६३ च्या डिसेंबरातील उपसंहार आहे.

जनव्हिएव्ह एमरी ही तरुणी विधवा आईच्या छत्र्यांच्या दुकानात काम करते. गी फूशे हा वीस वर्षांचा तरुण एका गॅरेजात मेकॅनिक आहे आणि आजारी मावशी एलीझ हिच्यासोबत राहतो. मावशीची शुश्रूषा मादलेन नावाची अबोल मुलगी करते. गी आणि जनव्हिएव्ह यांचे प्रेम आहे, पण मुलगी लहान आहे आणि मुलाजवळ पैसा नाही, या दोन्ही कारणांनी आईचा लग्नाला विरोध आहे. दुकानावर कराची मोठी थकबाकी येते तेव्हा आई आपला मोत्यांचा हार विकायला काढते. जवाहिऱ्याच्या दुकानात तेव्हा उपस्थित असलेला हिऱ्यांचा व्यापारी रोलाँ कासार तो हार विकत घेतो आणि जनव्हिएव्हकडे आकृष्ट होतो.

अशातच गीला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी दोन वर्षे अल्जीरियाला जाण्याचा हुकूम येतो. निघण्यापूर्वीची रात्र दोघे एकत्र घालवतात. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर गाडी सुटते आणि फलाटावरची जनव्हिएव्ह लहान लहान होत जाते.

दुसऱ्या भागात जनव्हिएव्ह गरोदर असल्याचे कळते. गीची पत्रे क्वचितच येतात. कासार तिला मागणी घालतो आणि दुसऱ्याचे मूल आपले म्हणून वाढवण्याची तयारी दाखवतो. आईचा आग्रह, पत्रांतील खंड आणि स्वतःचाच गोंधळ यांच्या ओझ्याखाली जनव्हिएव्ह होकार देते. विवाहानंतर ती पॅरिसला जाते आणि दुकान विकले जाते.

गी पायाला जखम होऊन, लंगडत परततो. दुकानाचे मालक बदललेले असतात. तो नोकरी सोडतो, दारूच्या नादी लागतो, एक रात्र वेश्येकडे काढतो. तिचे खरे नावही जनव्हिएव्हच निघते. मावशीच्या मृत्यूनंतर तो मादलेनला थांबवून घेतो, पुढे तिच्याशी लग्न करतो आणि वारशाच्या पैशातून पेट्रोल पंप उभारतो.

१९६३ च्या नाताळाच्या आदल्या संध्याकाळी बर्फ पडत असताना त्या पंपावर एक महागडी मोटार येऊन उभी राहते. आत जनव्हिएव्ह आणि तिची लहान मुलगी फ्राँस्वाझ असतात. मादलेन मुलगा फ्राँस्वाला घेऊन नुकतीच बाहेर गेलेली असते. कार्यालयात दोघांचे मोजके बोलणे होते. मुलीला भेटायचे आहे का, या प्रश्नाला गी नकार देतो. मोटार निघून जाते, मादलेन व मुलगा परततात, आणि गी मुलाबरोबर बर्फात खेळू लागतो.

खलनायकाविना प्रेमकथा

चित्रपटाचे आकर्षण सहा दशकांनंतरही टिकून राहण्याची अनेक कारणे समीक्षकांनी सांगितली आहेत. त्यांतील सर्वांत ठोस कारण कथेच्या रचनेतच आहे. येथे प्रेमिकांना वेगळे करणारा दुष्ट कोणी नाही. आई व्यवहारी आहे, पण क्रूर नाही. कासार श्रीमंत आहे, पण सभ्य आहे. आपल्या मागणीमागे त्याने कोणतीही अट ठेवलेली नाही. मादलेन कुणाची जागा हिसकावत नाही. उलट आपण केवळ दुसऱ्या स्त्रीची उणीव भरून काढण्यासाठी आहोत का, ही शंका ती गीला स्पष्ट विचारते.

जनव्हिएव्हची प्रतारणाही नेहमीच्या अर्थाने प्रतारणा ठरत नाही. दुसऱ्या भागात ती गीचे छायाचित्र न्याहाळताना त्याचा चेहरा आपण विसरत चाललो आहोत, असे भयाने कबूल करते. त्याच्यावाचून मरून जाऊ असे वाटत असताना आपण जिवंत कशा, हेही कोडे तिला पडते. प्रेम संपण्याचे कारण म्हणून विस्मरण हे पडद्यावर क्वचितच इतक्या सरळपणे मांडले गेले आहे. प्रेमिकांच्या कथेत सहसा विरह हा प्रेम वाढवणारा मानला जातो. देमी तो प्रेम झिजवणारा आहे असे दाखवतात, आणि त्याबद्दल कुणाला दोषही देत नाहीत.

त्यामुळेच शेवटच्या प्रसंगाबद्दल प्रेक्षकांत आजही मतभेद आहेत. गी मुलीला भेटण्यास नकार देतो तो कटुतेने, आत्मरक्षणाने, की आताच्या सुखावरील निष्ठेने, याचे उत्तर चित्रपट देत नाही. पहिल्या भागात दोघांनी भावी मुलीसाठी फ्राँस्वाझ हे नाव ठरवलेले असते. पुढे तिने मुलीला तेच नाव दिले आणि त्याने आपल्या मुलाला त्याचेच पुल्लिंगी रूप दिले, हे प्रेक्षकाला कळते. पात्रे मात्र त्यावर काही बोलत नाहीत. दोन घरांत एकच नाव वाढत आहे, एवढेच मागे उरते. हा शेवट सुखाचा की दुःखाचा, याचा निर्णय प्रेक्षकाच्या वयाप्रमाणे बदलतो असे म्हणणाऱ्यांशी असहमत होणे कठीण आहे.

अल्जीरियाची पार्श्वभूमी

अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध १९५४ ते १९६२ या काळात चालले. या काळात दहा लाखांहून अधिक फ्रेंच तरुणांना सक्तीच्या सेवेसाठी तेथे पाठवण्यात आले. फ्रेंच शासन या संघर्षाला अधिकृतपणे 'युद्ध' म्हणत नसे. तो शब्द कायद्याने १९९९ साली स्वीकारला गेला. चित्रपटांवर सेन्सॉरची नजर कडक होती. झाँ-ल्यूक गोदार यांचा याच विषयाशी संबंधित 'ल पती सोल्दा' १९६० मध्ये चित्रित होऊनही १९६३ पर्यंत प्रदर्शित होऊ शकला नाही.

देमी यांच्या चित्रपटात रणांगणाचे एकही दृश्य नाही. युद्ध येते ते नेमणुकीच्या कागदाच्या, विरळ पत्रांच्या आणि परतलेल्या तरुणाच्या लंगडण्याच्या रूपाने. गुलाबी-निळ्या भिंतींच्या या चित्रपटाला अनेकांनी निव्वळ परीकथा समजून बाजूला ठेवले. तथापि युद्ध संपून दोन वर्षेही झाली नसताना सर्वसामान्य फ्रेंच घरात ते कसे शिरले हे मोठ्या प्रेक्षकवर्गासमोर मांडणाऱ्या आरंभीच्या चित्रपटांपैकी हा एक होता. कालक्रमाबाबत देमी काटेकोर आहेत: पडद्यावर महिना व वर्ष वेळोवेळी दिसत राहतात. प्रेमकथेत इतक्या तारखा लागत नाहीत. सैन्यात गेलेल्याची वाट पाहणाऱ्या घराला मात्र त्या लागतात.

निर्मिती

जाक देमी (१९३१–१९९०) नाँत शहरात वाढले. त्यांचे वडील मोटार गॅरेज चालवीत, आणि गीचे व्यवसायविश्व इतके सहज वाटते त्याचे मूळ तेथे आहे. सर्व संवाद गाऊन म्हटलेला चित्रपट ही कल्पना अनेक निर्मात्यांनी नाकारली. अखेरीस माग बोदार यांनी निर्मितीची जबाबदारी घेतली. त्या काळी फ्रान्समध्ये स्त्री-निर्मात्या फारच थोड्या होत्या. पुढे बोदार यांनी आन्येस व्हार्दा व रोबेर ब्रेसाँ यांच्या चित्रपटांचीही निर्मिती केली. दिग्दर्शिका व्हार्दा या देमी यांच्या पत्नी होत.

चित्रीकरण १९६३ च्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष शेर्बूरमध्ये झाले. रेल्वे स्टेशन, गोदी, अरुंद गल्ल्या आणि र्यू द्यू पोर या रस्त्यावरील दुकान ही स्थळे खरीखुरी आहेत. छायाचित्रण झाँ राबिए यांचे, कलादिग्दर्शन बेर्नार एव्हाँ यांचे आणि वेशभूषा जाकलीन मोरो यांची होती. आईची भूमिका आन व्हेर्नाँ, मादलेनची एलेन फार्नर, मावशीची मिरेई पेरे आणि कासारची भूमिका मार्क मिशेल यांनी केली.

कासार हे पात्र 'लोला'मधून आलेले आहे. त्या चित्रपटात त्याच्या प्रेमाला नकार मिळतो. येथे तो जनव्हिएव्हच्या आईला आपली ती जुनी हकिकत थोडक्यात सांगतो आणि पडद्यावर क्षणभर नाँतमधील पासाज पोमरे हे जुने छताखालचे बाजारसंकुल दिसते. 'लोला' पाहिलेल्या प्रेक्षकाला एवढ्यावरून कळते की गीची जागा घेणारा हा माणूसही एकदा गीच्याच जागी उभा होता.

संगीत

देमी आणि लग्राँ यांनी चित्रीकरणाआधी कित्येक महिने एकत्र बसून संवाद व स्वररचना तयार केल्या. संपूर्ण ध्वनिमुद्रण आधी पूर्ण झाले आणि कलाकारांनी ते ऐकत अभिनय केला. पडद्यावरील प्रमुख कलाकारांपैकी कोणाचाही आवाज चित्रपटात नाही. जनव्हिएव्हसाठी दानिएल लिकारी, गीसाठी होझे बार्तेल, आईसाठी क्रिस्तियान लग्राँ (संगीतकाराची बहीण), कासारसाठी जॉर्ज ब्लानेस आणि मादलेनसाठी क्लोदीन म्यूनिए यांनी गायन केले. पार्श्वगायन भारतीय प्रेक्षकाला नवीन नाही. परंतु भारतीय चित्रपटात गाणे संपले की नटाचा स्वतःचा आवाज परत येतो. येथे तो कधीच येत नाही. देनेव्ह यांना आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळवून देणाऱ्या या भूमिकेत त्यांचा आवाज एकदाही ऐकू येत नाही, ही नोंद घेण्यासारखी विसंगती आहे. देहबोली आणि डोळे यांवरच ती भूमिका उभी आहे.

ही रचना ऑपेराही नाही आणि नेहमीचा संगीतपटही नाही. त्यात नृत्य नाही, समूहगान नाही, टाळ्यांसाठी थांबणारे स्वतंत्र गीत जवळजवळ नाही. लग्राँ यांनी पॅरिसच्या संगीतविद्यालयात नादिया बुलांजे यांच्याकडे शिक्षण घेतले होते आणि जॅझवरही त्यांची पकड होती. गॅरेजातील पहिला प्रसंग जॅझच्या लयीत चालतो, तर निरोपाच्या प्रसंगांत तंतुवाद्यांचा भरणा आहे. शब्द मात्र मुद्दाम रोजच्या वापरातले ठेवले आहेत. त्याच पहिल्या प्रसंगात गीचा एक सहकारी आपल्याला ऑपेरा आवडत नाही, त्यात सगळे गातात, त्यापेक्षा चित्रपट बरा, असे सांगतो, आणि अर्थातच तेही गाऊन. आपल्या प्रयोगावर येणारा आक्षेप देमी यांनी पाचेक मिनिटांतच स्वतः मांडून टाकला आहे.

निरोपाची धून पुढे इंग्रजीत 'आय विल वेट फॉर यू' या नावाने जगभर पोहोचली. इंग्रजी शब्द नॉर्मन गिंबेल यांचे आहेत. कॉनी फ्रान्सिस, फ्रँक सिनात्रा, टोनी बेनेट अशा अनेकांनी ती गायली. चित्रपटातून सुटल्यावर या गीताचा अर्थ पालटला: गाणे ऐकणाऱ्याला ती जन्मभर वाट पाहण्याची शपथ वाटते, चित्रपट पाहिलेल्याला ती न पाळली गेलेली शपथ म्हणून आठवते. अंतिम प्रसंगात हीच धून पूर्ण वाद्यवृंदासह आणि मानवी स्वरांच्या साथीने परतते. त्या वेळी पडद्यावर दोघे जे बोलतात ते अत्यंत किरकोळ असते. मोटारीत पेट्रोल कोणते भरायचे, हा प्रश्नही त्यात येतो.

रंग आणि दृश्यरचना

चित्रपटाची सुरुवात बंदराच्या दृश्याने होते. मग कॅमेरा हळूहळू खाली वळतो आणि फरसबंदी रस्ता थेट वरून दिसू लागतो. पाऊस सुरू होतो, आणि रंगीबेरंगी छत्र्या चौकटीतून ये-जा करतात. माणसांचे चेहरे दिसत नाहीत. श्रेयनामावली संपेपर्यंत हे चालते.

एव्हाँ यांनी खऱ्या घरांच्या भिंतींना गडद गुलाबी, हिरवे, जांभळे रंग व नक्षीदार कागद दिले आणि मोरो यांनी पात्रांचे कपडे त्यांच्याशी मिळतेजुळते किंवा मुद्दाम विजोड ठेवले. काही प्रसंगांत जनव्हिएव्हचा पोशाख मागच्या भिंतीच्या नक्षीत जवळजवळ विरून जातो. पहिल्या भागातील उबदार रंग पुढे ओसरत जातात आणि उपसंहारात पांढरा बर्फ व पंपाचे थंड दिवे उरतात. ही योजना इतकी उघड आहे की ती कृत्रिम वाटण्याचा धोका होता. खऱ्या गावातील ओल्या भिंती व राखाडी आकाश तिला जमिनीवर ठेवतात.

कॅमेऱ्याच्या हालचालींपैकी एक विशेष प्रसिद्ध आहे. युद्धावर जाण्याची बातमी कळल्यानंतर दोघे गल्लीतून जाताना पावले न टाकताच तरंगत पुढे सरकतात. त्यांना कॅमेऱ्याबरोबर फिरत्या पाटावर उभे केले होते. दुसऱ्या भागात, एपिफनीच्या सणाच्या केकमध्ये लपवलेला दाणा जनव्हिएव्हच्या वाट्याला येतो, तिच्या डोक्यावर कागदी सोनेरी मुकुट चढतो आणि तिला पाहुण्या कासारला राजा म्हणून निवडावे लागते. फ्रेंच घरांतील हा साधा खेळ तेथे एका मुलीच्या भवितव्याचा निवाडा बनतो. तिसरे उदाहरण कार्निव्हलच्या गर्दीतून, उधळलेल्या रंगीत कागदांच्या चुऱ्यातून एकटीच निघालेल्या जनव्हिएव्हचे देता येईल.

पुरस्कार व प्रतिसाद

चित्रपट १९ फेब्रुवारी १९६४ रोजी फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला आणि त्याला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. ऑस्करसाठी तो दोन वेगवेगळ्या वर्षी स्पर्धेत होता: प्रथम सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपट या विभागात, आणि अमेरिकेतील प्रदर्शनानंतर पुढील वर्षी पटकथा, गीत व संगीताचे दोन विभाग अशा चार विभागांत. पाचांपैकी एकही पुरस्कार त्याला मिळाला नाही. गीताचा पुरस्कार 'द सँडपायपर' या चित्रपटातील गीताला गेला.

चित्रपट अतिभावुक आहे, हा आक्षेप आरंभापासून घेतला गेला. फ्रेंच नवप्रवाहातील इतर दिग्दर्शकांच्या राजकीय धारेपुढे देमी यांचे विश्व गोड व निरुपद्रवी समजले जाई. पैसा, वर्ग आणि युद्ध यांनी या कथेतील प्रत्येक निर्णय कसा ठरतो याकडे नंतरच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले. थकलेला कर नसता तर हार विकला गेला नसता आणि कासार घरात आला नसता. गी ज्या पंपाचा मालक होतो तो अमेरिकी कंपनीच्या नावाचा, चकचकीत आणि नव्या फ्रान्सचा आहे. गावातले जुने छत्रीचे दुकान मात्र बंद झाले आहे.

जतन आणि पुनरुज्जीवन

चित्रपट ईस्टमनकलर फिल्मवर चित्रित झाला होता. या फिल्मवरील रंगद्रव्ये काळाच्या ओघात फिकी पडतात. रंग हेच ज्याचे अर्धे सामर्थ्य, त्या चित्रपटाच्या प्रती काही वर्षांतच निस्तेज होऊ लागल्या. हा धोका ओळखून देमी यांनी तिन्ही मूळ रंग वेगवेगळे नोंदवणाऱ्या कृष्णधवल प्रती तयार करवून घेतल्या होत्या. कृष्णधवल फिल्मवरील चांदीची प्रतिमा रंगद्रव्यांपेक्षा कितीतरी अधिक टिकाऊ असते. देमी यांच्या मृत्यूनंतर व्हार्दा यांच्या देखरेखीखाली १९९० च्या दशकाच्या आरंभी या प्रतींवरून चित्रपट पुन्हा मूळ रंगांत सिद्ध करण्यात आला आणि ध्वनीच्या कामात लग्राँ यांनी सहभाग घेतला. १९९६ मध्ये अमेरिकेत तो नव्याने प्रदर्शित झाला, तेव्हा एका संपूर्ण पिढीने हे रंग प्रथमच पाहिले. अंकीय तंत्राने केलेली पुढील आवृत्ती २०१३ साली कान महोत्सवाच्या अभिजात चित्रपट विभागात दाखवण्यात आली.

प्रभाव

देमी यांनी १९८२ मध्ये 'युन शाँब्र आँ व्हिल' या चित्रपटात संपूर्ण गेय संवादांचा प्रयोग पुन्हा केला. तो नाँतमधील गोदी कामगारांच्या संपाच्या पार्श्वभूमीवर घडतो आणि अधिक काळोखा आहे. त्याला 'शेर्बूर'सारखे व्यावसायिक यश लाभले नाही. 'शेर्बूर'चे रंगभूमीवरही प्रयोग झाले: १९७९ मध्ये न्यूयॉर्कला शेल्डन हार्निक यांच्या इंग्रजी रूपांतरासह, आणि २०११ मध्ये लंडनच्या गिलगुड नाट्यगृहात नीहाय या संस्थेतर्फे.

अमेरिकी दिग्दर्शक डेमियन शझेल यांनी 'ला ला लँड' (२०१६) वर या चित्रपटाचा प्रभाव असल्याचे सांगितले आहे. वर्षांनंतर झालेली योगायोगाची भेट, दुसऱ्याशी संसार थाटलेली नायिका आणि बोलण्यापेक्षा वाद्यवृंदावर सोपवलेली भावना ही साम्ये सहज लक्षात येतात. फरकही आहे: शझेल आपल्या प्रेमिकांना न जगलेल्या आयुष्याचे एक स्वप्नदृश्य बहाल करतात, देमी ते देत नाहीत. 'फ्यूचरामा' या अमेरिकी व्यंगमालिकेच्या २००२ मधील एका भागात, मालकाची वाट पाहत म्हातारा होणाऱ्या कुत्र्याच्या प्रसंगासाठी 'आय विल वेट फॉर यू' वापरले गेले, आणि मूळ चित्रपट न पाहिलेल्या असंख्य प्रेक्षकांना ही धून प्रथम तेथेच भेटली. त्या प्रसंगात, मूळ कथेच्या उलट, वाट पाहण्याचा शब्द शेवटपर्यंत पाळला जातो.

शेर्बूर गावाची ओळखही या चित्रपटाने बदलली. पूर्वी ते नौदलाचे तळ आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवासी जहाजांचा थांबा म्हणून परिचित होते. टायटॅनिक १० एप्रिल १९१२ रोजी येथे थांबली होती. छत्र्यांच्या व्यवसायाची तेथे फारशी परंपरा नव्हती. चित्रपटाच्या नावामुळे ती नंतर निर्माण झाली, आणि १९८० च्या दशकात तेथे शेर्बूरच्याच नावाने उंची छत्र्या बनवणारा कारखाना सुरू झाला.